दोन जयगड

जयपुरात कुणी गाव विचारलं की मी ‘जयगड’ सांगतो आणि समोरचा हसतो. इथल्या लोकांच्या मते जयगढावर माणसं राहत नाहीत, तोफ राहते. मग मला उलगडून सांगावं लागतं की आमचा जयगड रत्नागिरी जिल्ह्यात, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडाशी आहे; त्याच्या पायथ्याशी गाव आहे, जेटी आहे, मासळी आहे, आणि गडाच्या अलीकडच्या एका वाडीत आमचं घर आहे. बाबांची बदली जयपूरला झाली, मी या शाळेत आलो, आणि पहिल्याच महिन्यात आम्हाला आमेर आणि जयगढ दाखवायला नेलं. दरवाज्यावरच्या पाटीवर नाव वाचून उगीचच घरी आल्यासारखं वाटलं. आत शिरल्यावर मात्र ते वाटणं ओसरलं.

हा जयगढ सवाई जयसिंगांनी १७२६ मध्ये बांधला, ‘चील का टीला’ म्हणजे घारींच्या टेकडीवर. तिथली ‘जयवाण’ तोफ त्याही आधीची, १७२० ची, गडावरच्याच कारखान्यात ओतलेली. नळी वीस फूट लांब, वजन पन्नास टन, आणि उडवली म्हणे एकदाच, चाचणीसाठी. आमची सगळी बॅच तोफेभोवती होती. मला गडावरची पाण्याची टाकी जास्त आवडली. डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी पाटांनी खेळवत आणून ती भरत असत. कोकणातल्या मुलाला पाणी असं दुरून बोलावून आणावं लागतं, हेच नवीन होतं.

कोकणातला जयगड याच्यासमोर लहान. विजापूरकरांच्या काळातला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. जमिनीच्या बाजूला खोल खंदक, काळे बुरूज, आत गणपतीचं देऊळ आणि पडझड झालेला वाडा. पण दोन्ही गडांच्या तटावर उभं राहिलं की एक गोष्ट सारखीच जाणवते. बांधणाऱ्याने जागा निवडताना सगळ्यात आधी ‘इथून काय दिसतं?’ हेच पाहिलं असणार. एकाला खालचं आमेर आणि डोंगरातली वाट दिसायला हवी होती, दुसऱ्याला खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत. आज आपण जिथे ‘व्ह्यू पॉइंट’ म्हणून सेल्फी काढतो ती जागा मुळात पहाऱ्याची. तिथे उभा राहणारा माणूस देखावा पाहत नव्हता, ड्यूटीवर होता.

हे मला सुचलं ते मात्र जयगढावर नाही, नाहरगढावर.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या फोटोग्राफी क्लबचे नऊ जण नाहरगढला चालत गेलो. गाडीचा रस्ता मागून वळसा घालून येतो. आम्ही जुन्या शहरातून चढणाऱ्या फरसबंदी वाटेने निघालो. चढ उभा आहे, पण आपल्या रोजच्या पीटीपुढे काहीच नाही. या डोंगरांत बिबटे आहेत, त्यामुळे पुरतं उजाडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद होती आणि ती पाळून घ्यायला उस्ताद बरोबर होते. उस्तादांना फोटोत रस नाही. ते मोजणी करायला आले होते, नऊ गेले तर नऊ परत आणायला.

वर पोचलो तेव्हा सूर्य गलत्याच्या डोंगरांवर चार बोटं आला होता. खाली सारं जयपूर, १७२७ मध्ये दोरी लावून आखलेले सरळ रस्ते. आम्ही जे करायचं तेच केलं: तटावर ओळीने उभं राहून सगळ्यांनी एकच फोटो काढला, आणि तो सगळ्यांचाच भुरकट आला. धुकं, धूर, छपरं, सगळं एका रंगाचं. उस्तादांनी एकाच्या कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ‘जो क्लास में छुपाना सिखाया, वही तो यहाँ दिखाना है।’ एवढं बोलून ते पुन्हा मोजणीला लागले.

‘वस्तू का दिसतात’ हा फील्डक्राफ्टचा धडा इथल्या प्रत्येक कॅडेटला पाठ आहे. आई-बाबांसाठी थोडक्यात सांगतो. शत्रूला आपण दिसतो ते आपल्या आकारामुळे, सावलीमुळे, आकाशरेषेवर उभं राहिल्यामुळे, चमकेमुळे, पार्श्वभूमीशी न जुळल्यामुळे, सारख्या अंतराने चालल्यामुळे आणि हालचालीमुळे. हे टाळायला आम्ही तोंडाला माती फासतो, टोपीत गवत खोवतो, टेकडीच्या माथ्यावरून न जाता कडेकडेने जातो. उस्तादांचं म्हणणं असं की फोटोवाल्याने हे सगळं उलटं करावं. माथ्यावरची छत्री आकाशावर ठळक दिसते ना, मग तिला आकाशावरच ठेव. मिठाईच्या रंगाच्या भिंतीसमोर तसलीच भिंत विरघळते, म्हणून दोन पावलं सरक आणि तिच्या मागे सावलीचा डोंगर आण. सूर्य डोक्यावर आला की सावल्या पायाखाली जातात, मग जमिनीचे चढउतार दिसत नाहीत, म्हणूनच सकाळ-संध्याकाळ.

मी जागा सोडून तटावर शंभरेक पावलं उत्तरेला गेलो. तिथून डोंगराची धार एकामागून एक अशा पाच पदरांत दिसत होती, पुढची काळी, मागची निळी, अगदी मागची राखाडी. जयपूरला आल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं. आमच्या सड्यावरून पाऊस येताना समुद्र असाच पदरापदराने दिसतो.

या शहरात कॅमेऱ्याची परंपरा जुनी आहे, हे मला नंतर कळलं. महाराजा सवाई रामसिंग दुसरे, १८३५ ते १८८० गादीवर असलेले, हे स्वतः फोटो काढत. हौस म्हणून एखाददुसरा नव्हे. राजवाड्यात त्यासाठी ‘फोटूखाना’ होता आणि त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा साठा सिटी पॅलेसच्या संग्रहालयात आजही आहे. त्या काळी काचेवर रसायन ओतायचं, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत अंधारात धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. बाहेर फोटो काढायचा तर काचा, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू, सारं पाठीवर. असा माणूस डोंगर चढून गेला की तटावर उभं राहून चाळीस फोटो काढत नसणार. तो आधी बराच वेळ नुसता बघत असणार. आमच्या क्लबमध्ये मी हे बोलून दाखवलं तर एकाने मला ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली.

खरे आजोबा तेव्हा गावी दुसऱ्याच काळजीत होते.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतले, नाईक म्हणून निवृत्त झालेले. बेळगावच्या सेंटरला शिकलेलं त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही. रोज संध्याकाळी गडावर जायचं, खाडीकडच्या बुरुजावर बसायचं, अंधार पडायच्या आत परतायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम होता. गेल्या वर्षी ते दोनदा ठेचकाळले, एकदा दारातल्या वृंदावनाला धडकले. रत्नागिरीला नेल्यावर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली राखता येते, एवढंच. आणि तो जातो कडेकडून. समोरचं दिसतं, बाजूचं मिटत जातं, म्हणून बऱ्याच जणांना खूप उशिरा कळतं. तो घराण्यातही चालतो, तेव्हा बाबांनी इथे लगेच डोळे तपासून घेतले. ज्यांच्या घरी असा कुणी आहे त्यांनी तपासून घ्यावेत, हे मी आईच्या सांगण्यावरून लिहीत आहे.

फोनवर आजोबा म्हणाले, ‘नळीतनं बघितल्यासारखं दिसतंय बघ. दुर्बिणीतनं बघतो तसं, फक्त मोठं होत नाय.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘कॅमेरा घेऊन येतोस ना दिवाळीला? बुरुजावरनं खाडीचं तोंड घे. सूर्य नको घेऊस. सूर्य सगळेच घेतात.’

बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून आई आणि मी दोघंच निघालो. अजमेरहून एर्नाकुलमला जाणारी, आठवड्यातून एकदाच धावणारी एक गाडी जयपूरहून थेट कोकण रेल्वेवरून जाते. तिचं नाव ‘मरुसागर’. रेल्वेत नावं ठेवणारा कुणी रसिक असावा. रात्रीतून वाळवंट मागे पडलं. पनवेलच्या पुढे बोगदे आणि भातकापणी झालेली खाचरं सुरू झाली, तसं आईने खिडकी सोडली नाही.

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याला १८-५५ ची साधी लेन्स आहे. ट्रायपॉड नाही. आपल्याकडे असा देखावा म्हटला की लोक १८ लावतात, म्हणजे जास्तीत जास्त रुंद. पण रुंद केलं की लांबचं आणखी लांब जातं. पलीकडच्या तवसाळचे डोंगर नखाएवढे होतात. ज्याला एका वेळी फोटोचा एवढासाच तुकडा दिसणार आहे त्याच्या दृष्टीने तो तुकडाच रिकामा. शिवाय पाण्यापलीकडची वस्तू डोळ्याला आहे त्याहून जवळ वाटते, हे आपण अंतराचा अंदाज शिकताना घोकतो. आजोबांच्या आठवणीतलं तवसाळ जवळचं होतं. म्हणून ५५ वर ठेवायचं आणि खाडीचं तोंड तुकड्या-तुकड्यांनी घेऊन जोडायचं, असं मी गाडीतच ठरवलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता गेलो. वाडीतून सड्यावर चढलं की कातळाची वाट लागते. नोव्हेंबरात गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरून जीव नकोसा करतात. उन्हाने तापलेला जांभा बुटाच्या तळव्यातून कळतो. पश्चिमेला कऱ्हाटेश्वराचं देऊळ आणि त्याच्या खाली कड्यावर आपटणारा समुद्र. तिकडे थोडा वेळ बसून मग गडाची वाट धरली. तासा-दीड तासाची चाल. बुरुजावर पोचून प्रिझमॅटिक कंपासने बेअरिंग घेतली: सूर्य मावळला २५० अंशांच्या आसपास. सूर्य पश्चिमेला मावळतो ही पुस्तकातली गोष्ट. नोव्हेंबरच्या मध्यात आमच्याकडे तो पश्चिमेच्या चांगलाच वीस अंश दक्षिणेला उतरतो. म्हणजे खाडीच्या तोंडाकडे, वायव्येला पाहत उभं राहिलं तर ऊन डाव्या बाजूने येणार, पलीकडच्या डोंगरांच्या प्रत्येक घळीत सावली पडणार. हेच हवं होतं. वहीत पॅनोरमा स्केच काढलं, जसं मॅप रीडिंगच्या तासाला काढतो तसं: आकाशरेषा, ठळक खुणा, खाली बेअरिंग. जागेवर चुन्याचा एक दगड ठेवून परतलो.

भाऊबीजेला चुलतबहीण, म्हणजे ताई, बरोबर आली. ओवाळून झाल्यावर मी तिला विचारलं, ओवाळणीत काय हवं? तर म्हणाली, ‘तुझी ती बॅग मी उचलणार नाही, हीच ओवाळणी.’ तरी अर्ध्या वाटेत तिनेच उचलली. बॅगेत तांदळाची पाच किलोची पिशवी होती. बुरुजाच्या कठड्यावर ती ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रोवायचा. फायरिंग रेंजवर रायफलखाली वाळूची पिशवी असते, तिचाच भाऊ.

साडेपाच वाजता गडावर बरीच माणसं होती. सगळी सूर्याकडे तोंड करून. आम्ही दोघं त्यांच्याकडे जवळजवळ पाठ करून बसलेलो. एका काकांनी काळजीने सांगितलंही, ‘बाळा, सूर्य तिकडे आहे.’

डावीकडे उघडा समुद्र, तिथून सुरुवात केली. सात फोटो, प्रत्येक आधीच्यावर एक-तृतीयांश चढलेला, उजेडाचं माप सगळ्यांना एकच, नाहीतर जोडताना पट्टे दिसतात. ताई वहीत आकडा आणि खूण लिहीत होती: एक, समुद्र, दोन, टोक, तीन, नांगरलेल्या होड्या. बटण दाबताना श्वास अर्धा सोडून धरायचा आणि बोट सावकाश आवळायचं, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. पहिली ओळ पावणेसहाला पूर्ण झाली. मग ढगातून ऊन सुटलं आणि तवसाळकडची प्रत्येक घळ उठून दिसायला लागली, तेव्हा सगळी ओळ पुन्हा घेतली. तिसरी ओळ घेईपर्यंत सूर्य बुडाला आणि मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, आम्हालाच.

दुसरी ओळ सर्वात चांगली होती. रत्नागिरीला एका स्टुडिओत ती जोडून चार फूट लांब, नऊ इंच उंच पट्टीवर छापून आणली. छापणारा म्हणाला, यात सूर्यास्त कुठे आहे?

आजोबांनी ती रात्री पाहायला नकार दिला. ‘उजेडात बघू.’ सकाळी दहा वाजता पडवीत, उन्हाच्या कवडशात पाट मांडून त्यावर पट्टी पसरली. मला वाटलं होतं ते आधी मध्ये बघतील. ते डाव्या टोकाला वाकले. बोट ठेवलं कठड्याच्या दगडावर, अगदी जवळच्या, आणि तिथून बोट वर सरकवत पाण्यापर्यंत, पाण्यातून आकाशापर्यंत गेले. मग बोटभर उजवीकडे, पुन्हा खालून वर. जमिनीचं वर्णन करायची हीच रीत आपल्याला शिकवतात: डावीकडून उजवीकडे, जवळून लांब. वर्गात ते परीक्षेपुरतं वाटतं. इथे एक माणूस ज्याला एका वेळी वाटीएवढंच दिसतं, तो त्या रीतीने अख्खी खाडी गोळा करत होता. आजी चहा घेऊन आली आणि कप हातात धरून उभीच राहिली. ती चार फुटं पार करायला वीस मिनिटं लागली असतील.

तिसऱ्या तुकड्यावर बोट थांबलं.

‘ह्या होड्यांच्या नाळी कुठं आहेत?’

मी पाहिलं. नांगरलेल्या सगळ्या होड्यांची तोंडं आत, नदीकडे होती.

‘वारं कुठलं होतं?’

‘समुद्रावरचं. ताईची ओढणी सारखी आत उडत होती.’

‘वारं पाण्यावरनं, तरी नाळी आत. म्हणजे ओहोटीची ओढ जोराची होती. अमावस्या होऊन दोन दिवस झालेले, उधाणाचं पाणी उतरत होतं. साडेपाच-पावणेसहा वाजले असतील.’

ताईने वही उघडून वेळ वाचून दाखवली: पाच पन्नास. आजोबांनी मान डोलावली, कुणीतरी पहाऱ्याचा रिपोर्ट बरोबर दिल्यावर डोलवावी तशी. नांगर टाकलेली होडी पाण्याच्या ओढीकडे तोंड करते हे मला लहानपणापासून माहीत आहे. वाटेवरून जाता-येता ते मी हजार वेळा पाहिलं आहे, फक्त फोटोत घड्याळ म्हणून वाचलं नव्हतं. त्यांनी मग आणखी दोन गोष्टी सांगितल्या, एक तवसाळच्या किनाऱ्याची आणि एक त्यांच्या मोठ्या भावाची, ती मी घरच्यांपुरतीच ठेवतो.

बोट सरकत सरकत उजव्या टोकाला पोचलं. तिथे खाडी आत वळते आणि पट्टी संपते. आजोबांनी बोट उचललं नाही.

‘आणि पुढं?’

खाडीचा आतला भाग पूर्वेला आहे. त्यावर संध्याकाळी समोरून सपाट ऊन पडतं, घळी दिसत नाहीत. तिकडे सकाळीच जायला हवं. सुट्टीचे तीन दिवस शिल्लक होते. मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली आणि ताई तांदळाची पिशवी शोधायला आत गेली. त्यातला अर्धा तांदूळ आजीने तोवर शिजवला होता.